मेणकागदामागचा माणूस

"काप म्हणलं तर काप की. तुला कात्री चालवायला आणलाय फोटो, अक्कल शिकवायला न्हाई."

रज्जाकने फोटो काउंटरवर ठेवला, कात्री उचलून खणात टाकली आणि खण लावून घेतला.

"सोनबा, लढाईत गेलेला माणूस आहे हा. याच्यावर मी कात्री चालवणार नाही. दुसरीकडे जा."

"मग माझ्या बायकोच्या तेराव्याला मी ह्याला हार घालू व्हय?"

"घाल की. त्याचीही बायको होतीच."

असा तोंडावर बोलणारा माणूस. रविवार पेठेत त्याचं फ्रेमचं दुकान, मागेच घर. माझ्या म्हशींचं दूध त्याच्या घरी त्याच्या लग्नापासून जातं, त्याची बायको अमिनाभाभी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, म्हणून ऐकून घेतलं. दुसरा कुणी असं बोलला असता तर किटली डोक्यात घातली असती.

फोटो पुण्याच्या लष्कर भागातल्या एका स्टुडिओत काढलेला होता. तो स्टुडिओ कधीच बंद पडला. खुर्चीवर जयसिंग बसलेला. अंगात कोट, मिशीला पीळ, जसा काय सगळा मुलूख त्याच्याच बापाचा. शेजारी माझी बायको बायडा उभी. तेव्हा ती माझी नव्हती, त्याची होती. नव्या नवरीसारखी अंग चोरून उभी होती, पण उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवलेला. फोटोवाल्याने ठेवायला लावला असेल. असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण बोटं बघितली की कळायचं, नुसता ठेवलेला हात नव्हता तो. धरलेला होता.

जयसिंग फौजेत होता. सुट्टीवर आला, लग्न केलं, फोटो काढला आणि गेला तो गेलाच. घरी त्याची ट्रंक तेवढी आली. पुढं बायडाचं माझ्याशी म्होतूर लागलं, विधवेचं दुसरं लग्न. म्होतूर लागलं तेव्हा थोरल्या माणसांनी सांगितलं, पहिल्या नवऱ्याचा टाक देव्हाऱ्यात बसवावा लागतो, नाहीतर तो दुसऱ्याला नांदू देत नाही. मग सोनाराने चांदीच्या पत्र्यावर एक माणूस ठोकून दिला. नाक नाही, डोळे नाहीत, पण मिशी मात्र होती. खंडोबा, भवानी आणि मध्ये जयसिंग. बायडाच्या सगळ्या संसारात मी रोज अंघोळ करून त्याला गंध लावला. गावात कुणाच्या वाट्याला असलं काम आलं नसेल. सवतीला गंध लावणाऱ्या बाया पुष्कळ बघितल्या, पण सवत्याला गंध लावणारा वारज्याच्या नदीकाठाला मी एकटाच.

आणि बायडाचा दुसरा फोटो नव्हता. जेजुरीला गेलो तेव्हा पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारा होता. मी म्हणालो, "चल, एक काढू."

"न्हाई."

"त्याच्यासंगं काढला, आन माझ्यासंगं का न्हाई?"

"तुमच्यासंगं न्हाई काढायचा म्हंजे न्हाई."

एवढं म्हणून ती पुढं चालायला लागली. शालूच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या लग्नात फोटोवाला आणला, तर दिवसभर पोळ्यांच्या परातीपाशी बसून राहिली. फोटोवाला आत आला की तोंडावर पदर. मला काय समजायचं ते मी समजलो. माझी दूधवाल्याची पैरण, त्याचा कोट. त्याच्याशेजारी जे उभं राहिलं ते माझ्याशेजारी कशाला उभं राहील?

मग बायडा काविळीने गेली. शालूने ट्रंकेच्या तळातून हा फोटो काढला.

"बाबा, आईचा एवढाच आहे."

म्हणून मी रज्जाककडे गेलो होतो.

रज्जाकने शेवटी तोड काढली. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला नव्हता, सुटा कागद होता. तो म्हणाला, "कापत नाही. दुमडतो. त्याला मागे ठेवतो, बायडाभाभीला पुढे. बघ, चालेल का?"

"चालंल."

त्याने फोटो दुमडला आणि थांबला. "हात मागे जातोय तिचा. मनगटापासून पुढे त्याच्याबरोबर जातोय."

"जाऊ दे. तोंड तर माझ्याकडं ऱ्हायलं."

फ्रेम भिंतीवर लागली. बायडा एकटी. उजवा हात मनगटापाशी फ्रेमच्या कडेला संपलेला. आले-गेले विचारायचे, हात कुठं गेला? मी म्हणायचो, फोटोवाल्याची चूक. शालूला माहीत होतं. ती फक्त एकदा बोलली.

"ते मागे गुदमरत असतील, बाबा."

"गुदमरू दे. पुढं बसून पुष्कळ मिजास केली."

मला बरं वाटत होतं. सकाळी दूध घालून आलो की फ्रेमसमोर चहा घ्यायचा. आता ती कुणाच्या शेजारी नव्हती. माझ्या समोर होती. पण फ्रेम जरा फुगलेली दिसायची. पाठीमागे कुणीतरी श्वास रोखून उभा आहे, असं वाटायचं.

वर्ष फिरलं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं म्हणून शालू बिबवेवाडीहून आली, आणि पावसानेही तोच मुहूर्त धरला. डोंगराकडून काळं आलं ते हललंच नाही. गोठ्यात चिखल, वैरण भिजलेली, म्हशी अंग आखडून उभ्या. नदीचं पाणी तांबडं झालं, मग त्यात झाडाच्या फांद्या दिसायला लागल्या. दुपारी धारा काढायला बसणार तेवढ्यात पोलिसांची गाडी भोंगा लावून वस्तीवर आली. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीकाठ रिकामा करा, शाळेत चला.

मी आधी म्हशी सोडल्या. शालू घरात धावाधाव करत होती.

"बाबा, रेशनकार्ड घेतलं. देव घेते. आईचा फोटो?"

"त्यो मी बघतो."

तिने देव्हारा पिशवीत उलटा केला. खंडोबा, भवानी, जयसिंग, सगळे खणखणत आत पडले. मी फ्रेम काढली. बायडाचं एक जुनं सुती लुगडं होतं, त्यात चांगले चार वेढे देऊन गुंडाळली आणि माळ्यावर, पत्र्याच्या अगदी खाली, लाकडाच्या खाचेत ठेवली.

"अहो बाबा, बरोबर घ्या ना! माळ्यावर काय ठेवताय?"

"आजपत्तुर माळ्याला पाणी लागलं न्हाई. वाटंत काच फुटली म्हंजे?"

काच हे एक कारण. दुसरं मी बोललो नाही. शाळेत सगळी वस्ती एका वर्गात कोंबणार. कुणीतरी फ्रेम हातात घेणार, उलटी करणार, मागे काय फुगलंय म्हणून खिळे उचकणार. मग जयसिंग सगळ्यांसमोर बाहेर येणार आणि म्हाताऱ्या बाया त्याचं कौतुक सुरू करणार. काय उंची व्हती, काय चालणं व्हतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

अशा रीतीने देव्हाऱ्याच्या पिशवीतून तो शाळेत आला आणि ती घरी राहिली.

शाळेत माझ्या शेजारचा संपत बायकोशी भांडत होता.

"कुकर आणला शाणीनं! डाळ कुठं हाय?"

"तुमी काय आणलं वो? पत्त्यांचा कॅट!"

"मग? हितं बसून करणार काय?"

लोक हसले. मीही हसलो असेन. पण कान नदीकडे होते. पाऊस उसंत घेईना. संपत म्हणाला, "सोनबातात्या, काय इच्यार करताय? म्हशी तर समद्या आल्या."

"आल्या."

"मग काय ऱ्हायलं घरात?"

"काय न्हाई. जुनं लुगडं."

पाणी उतरल्यावर परत गेलो. घरात घोट्याच्या वर गाळ. चूल विरघळलेली, कणगी आडवी. भिंतीवर पाण्याची रेघ उठली होती आणि ती रेघ माळ्याच्या खाली वीतभर थांबली होती. मी ती रेघ बघितली आणि मोठ्याने ओरडलो, "शाले, म्हणलं नव्हतं? माळ्याला लागलंच न्हाई!"

शिडी लावून वर चढलो. लुगड्याला हात घातला, तर ते उचलेना. धुणं पिळायच्या आधी जसं जड असतं तसं जड. वर बघितलं. पत्र्याच्या खिळ्याचं भोक होतं. पाऊस होता तोवर त्या भोकातून थेंब, थेंब, नेमका लुगड्यावर. नुसती फ्रेम असती तर पाणी काचेवरून ओघळून गेलं असतं. सुती लुगड्याने ते धरून ठेवलं. वेढे मी चांगले घट्ट दिले होते.

खाली आणून उघडलं. काचेच्या आत धुकं. बायडाचं तोंड त्यात कुठंतरी होतं. उन्हाची तिरीप आली होती, म्हणून मी फ्रेम गोठ्याच्या पत्र्यावर वाळत घातली. शालू नको म्हणत होती. मी म्हणालो, भिजलं म्हंजे वाळवायचं, ह्यात काय शिकायचंय? वाळली. धुकं गेलं. पण फोटो काचेला असा चिकटला की कागद सोडवला तर काच फुटेल आणि काच सोडवली तर कागद. तिच्या गालावर मोठा फोड आला होता.

तशीच सायकलला बांधून रज्जाककडे नेली. त्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"वाळवली कशाला? ओली होती तशीच पाण्यात घालून आणायची."

"बुडालेल्या वस्तूला परत पाण्यात घालायचं? कुणाला सुचंल ते?"

"बरं, बस. बघू काय होतं. भरोसा देत नाही."

अमिनाभाभीने पितळी परात आणली. त्यात स्वच्छ पाणी ओतून रज्जाकने काचेसकट फोटो सोडला. आम्ही बघत बसलो. भाभीने चहा आणला, तो तसाच गार झाला. पुष्कळ वेळाने रज्जाकने बोटाने कड हलवली. कागद सुटला. पण कागद एकटाच सुटला.

दूध तापवून निवलं की वर साय धरते, चमचा लावला की ती सगळीच्या सगळी सरकते. तशी बायडा सुटली. आधी डोळे, मग कपाळावरचं कुंकू, मग पदर. पाण्यात एक पातळ पापुद्रा तरंगला, त्याच्या घड्या झाल्या, आणि रज्जाक हात घालणार तोवर त्याच्या चिंध्या झाल्या. मी परातीत हात घातला. बोटांना राखाडी बुळबुळीत काहीतरी लागलं. बस्स.

भाभी तोंडाला पदर लावून आत गेली.

रज्जाकने कागद उचलला. पुढची बाजू पांढरी फटक. मग त्याने कागद उलटा करून दुमड हळूच उघडली. मागच्या अर्ध्यावर मेणकागद निघाला, चौकोनी कापलेला, कडांनी नीट चिकटवलेला. आणि त्या मेणकागदाखाली जयसिंग. जसाच्या तसा. कोटाची बटणं चकाकत होती. मिशीचा पीळसुद्धा सुटला नव्हता.

"हे काय?" मी विचारलं.

"पुठ्ठ्यावर घासून तोंड खराब झालं असतं त्याचं. म्हणून लावला होता."

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर लावू दिला असतास?"

"मग तिच्या तोंडाला का न्हाई लावलास?"

"तिला तू रोज बघणार होतास ना, सोनबा. मेणकागदातून काय दिसलं असतं?"

मला वाटलं, ती परात त्याच्या अंगावर ओतावी. तो माणूस जिवंतपणी माझ्याआधी तिच्यापर्यंत पोचलेला. मी मागे ढकलला तर मागे राहून वाचला. मी सांभाळायला घेतली ती गेली, मी मारायला ठेवला तो राहिला. मी कागद हिसकावून घेतला. तिथंच फाडणार होतो. रज्जाकने माझं मनगट धरलं.

"फाड. पण आधी खांदा बघ."

खांद्यावर हात होता. मनगटापासून पुढचा. पाच बोटं, बांगडीची कड, आणि करंगळीच्या बुडाशी खुरप्याचा जुना व्रण. तो व्रण मी ओळखत होतो. तव्यावरून भाकरी काढताना तो रोज माझ्या ताटासमोर यायचा. फोटोत तो आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"फ्रेम करू?" रज्जाकने विचारलं.

"कर."

"किती ठेवू?"

"हाय तेवढं."

वर्षश्राद्धाला पाटावर तीच फ्रेम ठेवली. शालू म्हणाली, "लोक काय म्हणतील, बाबा? आईच्या श्राद्धाला हे..."

"हात दिसतोय का?"

"दिसतोय."

"मग आईच हाय ती."

शालूने हळद-कुंकू घेतलं आणि काचेवर, बरोबर त्या बोटांवर लावलं.

रज्जाक जेवायला आला होता. पंगत उठता उठता काठी टेकत तुळजाबाई आली. जयसिंगची थोरली बहीण. तिचं गाव धरणाच्या पोटात गेल्यावर ती लेकाकडे राहायची. बायडाला ती धाकट्या बहिणीसारखी धरायची, म्हणून मी तिला आक्का म्हणायचो. पाटासमोर आली आणि मटकन खाली बसली.

"जयसिंगा! माझ्या वाघा, तू हितं हाईस व्हय?"

मग पुष्कळ वेळ रडली. माझ्या बायकोच्या श्राद्धाला, माझ्या घरात, त्याच्यासाठी. मी ताटं उचलत राहिलो. डोळे पुसून ती माझ्याकडे वळली.

"सोनबा, आमचं घर पान्यात गेलं तवा ह्याचा वर्दीतला फोटो भितीवरच ऱ्हायला. भितीसकट गेला. माझ्यापाशी ह्याचं काय सुदीक न्हाई. एवढा मला दे."

"न्हाई जमायचं, आक्का."

"का रं? तुझा कोन लागतो त्यो?"

"माझा कोन न्हाई. पन माझी बायको त्याच्या खांद्यावर हात ठिवून हाय."

तिने डोळे बारीक करून परत बघितलं. बोट लावून बघितलं. हळद तिच्या बोटाला लागली.

"बायडाचाच की गं. अगं बया." मग मला म्हणाली, "तुझ्यासंगतीचा एक तरी काढून ठिवायचा."

"तीच न्हाई म्हनायची. माझ्याशेजारी हुबी ऱ्हायला लाज वाटायची तिला."

"लाज?" तुळजाबाईने काठी आपटली. "मुडद्या, लाज कशाची? ह्यो फोटो काढला आन चार म्हैन्यात ह्यो गेला. तिनं फोटोचीच धास्ती घेतली. मला म्हनायची, आक्का, एक बशिवला फोटोत त्यो गेला. आता ह्या मानसाला मी कंदी फोटोत बशिवनार न्हाई. शालूच्या लग्नात सुदीक माझ्यापाशी येऊन बसली व्हती, पोळ्या लाटत. म्हनली, त्यांस्नी कळू देऊ नगा, हसत्याल."

मी उठून गोठ्यात गेलो. म्हशींपुढे वैरण भरपूर होती. तरी आणखी एक पेंढी सोडली, आणि ती चांगली मोकळी करेपर्यंत तिथंच थांबलो.

आत आलो तर रज्जाक तुळजाबाईला सांगत होता, "आजी, फोटोचा फोटो काढता येतो. तुम्हालाही होईल, यालाही राहील."

"करशील रं बाबा?"

"करतो."

मी रज्जाकला अंगणात बोलावलं. "तिला दे. पन त्यात हात येता कामा नये."

"का?"

"येता कामा नये म्हणलं ना."

"मग खांदा कापावा लागेल. आणि मी याच्यावर कात्री चालवत नाही, विसरलास?"

"कात्री नको चालवू. कॅमेरा चालव. जवळ जाऊन काढ."

रज्जाक म्हणाला, "सोनबा, तू म्हातारा झालास, पण सुधारला नाहीस."

"हात माझा हाय."

त्याने तसा काढून दिला. मी स्वतः नेऊन तुळजाबाईला पोचवला. तिने काच छातीशी धरली, लांब धरली, परत जवळ घेतली.

"तोंड बेस आलंय. पन ह्याचा डावा खांदा कुठं गेला रं?"

"पुरात गेला, आक्का."

"असू दे," ती म्हणाली. "तोंड हाय ना."

मूळ फ्रेम माझ्याकडे आहे. चूल नवी घातली, पत्र्याच्या भोकात डांबर भरलं आणि फ्रेम पहिल्याच खिळ्याला लावली. देव्हाऱ्यात टाक परत बसवला. त्याला गंध लावतो. न लावून सांगतो कुणाला.

सकाळी रतीब घालून आलो की ओल्या फडक्याने काच पुसतो. सगळी नाही. बोटं, बांगडी, व्रण, तेवढाच कोपरा. तो लख्ख असतो. बाकीच्या काचेवर गोठ्याचा भुसा, चुलीची राख, रस्त्याची धूळ, जे येईल ते बसतं. शालू आली की म्हणते, "बाबा, त्यांचंही तोंड पुसा हो." मी म्हणतो, "त्याची बहीण पुसती तिकडं."

परवा चहा घेता घेता लक्ष गेलं. इतकी वर्षं तो खुर्चीवर तसाच बसलेला, काळ्याभोर मिशीचा, कवळा. माझे दात गेले, पाठ वाकली, त्याला काही झालं नाही. आता धूळ साचून त्याच्या मिशीवर पांढरं दिसायला लागलंय. कानांवरही. कुठं तो आता माझ्या वयाचा झाला.